पॉडचा ‘स्टेटस’ रकाना : पार्श्वभूमी

नागपूरच्या मिहानमध्ये किंवा परसोडीच्या आयटी पार्कात रात्रपाळी करणाऱ्यांच्या बोटांना एक कमांड सरावाची असते : ‘क्यूबसीटीएल गेट पॉड्स’. कुबरनेटीस ही अनेक सर्व्हरवर कंटेनर, म्हणजे ॲप्लिकेशनच्या बंद पेट्या, चालवणारी प्रणाली; पॉड म्हणजे तिथला एक किंवा अधिक कंटेनरचा गट. ही कमांड त्या पॉडची यादी दाखवते. पूर्वी एकेका सर्व्हरवर शिरून चालू कंटेनर दाखवणारं ‘डॉकर पीएस’ मारावं लागे. २०१४ मध्ये कुबरनेटीस खुलं झालं तेव्हा ‘क्यूबसीएफजी’ नावाचं साधन होतं, ते लवकरच मागे पडलं. जुलै २०१५ मध्ये १.० आवृत्ती आली तोवर क्यूबसीटीएल रुळलं होतं.

खरा गुंता या यादीतल्या ‘स्टेटस’ रकान्याचा आहे. एपीआयमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम कुबरनेटीसशी बोलतात त्या मार्गात, पॉडची ‘फेज’ (ढोबळ टप्पा) असते आणि तिच्या व्हॅल्यू पाचच : पेंडिंग, रनिंग, सक्सीडेड, फेल्ड, अननोन. स्क्रीनवर मात्र क्रॅशलूपबॅकऑफ, इमेजपुलबॅकऑफ, टर्मिनेटिंग दिसतं. यातली एकही फेज नाही. पहिली दोन म्हणजे कंटेनर का अडला त्याची कारणं, तिसरी पॉड डिलीट करायला सांगितल्याची खूण. माणसाला एका नजरेत कळावं म्हणून सगळं एकाच रकान्यात कोंबलं. क्रॅशलूपमध्ये अडकलेल्या पॉडची फेज विचारा, बहुतेक वेळा ‘रनिंग’ हेच उत्तर येईल. फक्त फेज तपासणाऱ्या स्क्रिप्टला मग कोसळलेली सेवाही धडधाकट वाटते.

यावर वाद झाला. पुढे एपीआयच्या नियमावलीतच फेजची पद्धत कालबाह्य म्हणून नोंदवली गेली आणि ‘कंडिशन्स’ (एकेका बाबीची वेगळी हो-नाही नोंद) वापरा असं सांगितलं गेलं. पॉडची फेज मात्र काढली नाही, कारण तिच्यावर विसंबलेलं बरंच काही मोडलं असतं. ती अडचण खरी आहे. पण निदान त्या रकान्याचं नाव तरी वेगळं हवं होतं.

म्हणूनच आधी त्याच यादीतला ‘रेडी’ रकाना पाहावा; किती कंटेनरपैकी किती तयार आहेत ते तो सांगतो. ‘०/१ रनिंग’ म्हणजे प्रोसेस चालू आहे, पण रेडीनेस प्रोब (कंटेनर काम घ्यायला तयार आहे का याची तपासणी) पास होत नाही आणि सर्व्हिस, म्हणजे पॉडकडे मागण्या वळवणारा भाग, तिकडे ट्रॅफिक पाठवत नाही. सावकाश उठणाऱ्या जुन्या जावा ॲप्लिकेशनसाठी स्टार्टअप प्रोब (सुरू होणं पुरं झालं का याची तपासणी) आला, तो १.२० मध्ये स्थिरावला. मे २०२२ मध्ये १.२४ आवृत्तीतून डॉकरशिम (कुबरनेटीसला डॉकरशी जोडणारा दुवा) गेलं, तेव्हापासून कंटेनरडी या कंटेनर चालवणाऱ्या दुसऱ्या साधनावर गेलेल्या नोडवर, म्हणजे सर्व्हरवर, थेट तपासायला ‘क्रायसीटीएल पीएस’ चालवतात.

क्रॅश होणारा कंटेनर १० सेकंदांनी, मग २०, ४० असं करत जास्तीत जास्त ५ मिनिटांच्या अंतराने पुन्हा सुरू केला जातो. पॉडचा तपशील दाखवणाऱ्या ‘डिस्क्राइब’ कमांडमधल्या इव्हेंट्स (घडामोडींच्या नोंदी) मूळ सेटिंगनुसार तासभरच टिकतात. रात्री दोनला पडून सावरलेल्या पॉडबद्दल सकाळच्या पाळीला तिथे काही सापडत नाही. म्हणून ‘लॉग्स’ कमांडला ‘प्रीव्हियस’ जोडून मागच्या, कोसळलेल्या कंटेनरचा लॉग रात्रीच काढून ठेवावा लागतो.