मरणासन्न मंगळ (विज्ञानकथेतील कल्पना)

मरणासन्न मंगळ ही विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील अमेरिकन पल्प मासिकांतून पुन्हा पुन्हा येणारी कथाकल्पना आहे. लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या स्वस्त, खरखरीत कागदावर ही मासिके छापली जात, म्हणून त्यांना पल्प हे नाव पडले. मंगळ हा पाणी आटत चाललेला वृद्ध ग्रह असून तेथील प्राचीन संस्कृती शेवटच्या घटका मोजत आहे, असे या कथांत गृहीत धरलेले असते.

कल्पनेचे मूळ एका दृष्टिभ्रमात आहे. १८७७ मध्ये इटालियन खगोलशास्त्रज्ञ जोव्हान्नी स्क्यापारेल्ली यांना मंगळावर सरळ रेषा दिसल्या आणि त्यांनी त्यांना ‘कानाली’ म्हटले. इटालियनमध्ये हा शब्द नैसर्गिक प्रवाहमार्गालाही चालतो. इंग्रजीत मात्र त्याचे कालवे झाले, आणि कालवे म्हटले की ते खणणारे कोणीतरी आलेच. पर्सिव्हल लोवेल यांनी १८९४ मध्ये अ‍ॅरिझोनातील फ्लॅगस्टाफ येथे वेधशाळा उभारली आणि ध्रुवांवरील बर्फाचे पाणी कोरड्या प्रदेशांत नेण्यासाठी मंगळवासीयांनी हे कालवे काढले, असे मत हिरिरीने मांडले. तहानेने मरणाऱ्या ग्रहाचे हे चित्र शास्त्र म्हणून टिकले नाही, पण कथाकारांना त्यातून अख्खे जग मिळाले.

एडगर राइस बरोज यांची पहिली मंगळकथा १९१२ मध्ये ‘ऑल-स्टोरी’ मासिकात क्रमशः प्रसिद्ध झाली. समुद्रांचे कोरडे तळ, ओसाड नगरे, श्वासापुरती हवा तयार करणारा कारखाना आणि कमी गुरुत्वाकर्षणामुळे प्रचंड उड्या मारणारा पृथ्वीवरचा नायक हा साचा तिने रूढ केला. नायक जॉन कार्टर हा अमेरिकन यादवी युद्धात दक्षिणेकडून लढलेला अधिकारी आहे. त्याच्या मंगळात अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीवरील टोळीयुद्धांची छाया स्पष्ट दिसते, आणि परक्या भूमीला आपल्याच शूराची गरज असते ही समजूतही. ही समजूत मोडण्याचे मोठे श्रेय स्टॅन्ली वाइनबॉम यांना द्यावे लागते. त्यांच्या १९३४ च्या कथेतील ट्वील हा पक्ष्यासारखा जीव माणसाइतकाच बुद्धिमान आहे, पण माणसासारखा विचार करत नाही. ‘प्लॅनेट स्टोरीज’मधील ली ब्रॅकेट यांच्या कथांत साहसापेक्षा लयाला चाललेल्या संस्कृतीची खंतच अधिक जाणवते.

चित्रकथांनी हा मसाला इतर ग्रहांवरही नेला. १९३४ मध्ये सुरू झालेल्या फ्लॅश गॉर्डनचे राजे, तलवारी आणि अग्निबाण मोंगो या काल्पनिक ग्रहावर आहेत. इंद्रजाल कॉमिक्समधून हा नायक मराठी वाचकांपर्यंतही पोचला.

जुलै १९६५ मध्ये मरिनर ४ या यानाने मंगळाजवळून जाताना घेतलेल्या छायाचित्रांत कालवे नव्हते, विवरे होती.