पार्श्वभूमी : बरगे, बीड आणि नवोन्मेष

नवोन्मेष (इनोव्हेशन) व्यवस्थापन आणि प्रादेशिक विकास असा जोडविषय घेणाऱ्या संशोधकाला कोल्हापुरात फार हिंडावं लागत नाही. शिवाजी विद्यापीठातून निघून शिवाजी उद्यमनगरात शिरलं की झालं. पंचाईत होते ती प्रश्नावली उघडल्यावर. ‘गेल्या तीन वर्षांत आपण कोणतं नवं उत्पादन बाजारात आणलं?’ फाउंड्रीवाला, म्हणजे ओतकामाचा कारखानदार, सरळ सांगतो, “नवं काय न्हाई. गिऱ्हाईक ड्रॉइंग देतंय, आम्ही ओतून देतोय.” रकान्यात शून्य पडतो.

या शून्याला इतिहास आहे. एकाच धंद्याची माणसं एका जागी राहिली की कसबाची गुपितं तिथल्या हवेतच मिसळतात, हे अर्थतज्ज्ञ आल्फ्रेड मार्शलने १८९० मध्ये शेफिल्डसारखी गावं डोळ्यांपुढे ठेवून मांडलं होतं. पुढे शुंपेटर या अर्थतज्ज्ञाने १९११ मध्ये नवोन्मेषाचं श्रेय धाडसी उद्योजकाला दिलं आणि गाव मागे पडलं. इटलीतल्या छोट्या कारखान्यांच्या पट्ट्यांकडे पाहून बेकात्तिनी या अर्थतज्ज्ञाने १९७९ मध्ये मार्शलला पुन्हा बाहेर काढलं. १९९२ मध्ये फिलिप कुकने ‘प्रादेशिक नवोन्मेष व्यवस्था’ ही कल्पना मांडली : नवोन्मेष एकट्या कंपनीचा नाही, अख्ख्या प्रदेशाचा. गंमत म्हणजे त्याच वर्षी नवोन्मेष मोजायचा ‘ऑस्लो मॅन्युअल’ हा दंडकही निघाला. सिद्धांत प्रदेशाकडे वळला आणि मोजपट्टी मात्र एकेका कंपनीच्या दारात गेली. आपल्याकडची बरीचशी गफलत तिथूनच सुरू होते, असं मला वाटतं.

कारण कोल्हापूरची गोष्ट कुठल्या कंपनीपासून नाही, पाण्यापासून सुरू होते. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये गुळाच्या व्यापारासाठी शाहूपुरी वसवली, पुढे भोगावतीवर राधानगरीचं धरण हाती घेतलं. धरण पुरं व्हायला १९५० चं दशक उजाडलं. दरम्यान नदीतलं पाणी अडवायची इथली रीत ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ या नावानं राज्यभर गेली. रचना साधी : पात्रात दगडी खांब, खांबांना खाचा, आणि पावसाळा सरला की त्या खाचांत सरकवायचे बरगे, म्हणजे आडव्या फळ्या. जूनआधी बरगे काढायचे, म्हणजे पूर आणि गाळ दोन्ही वाट मिळेल तसे निघून जातात. काढायला उशीर झाला की बंधाऱ्याची खैर नाही, त्यामुळे बरगे कोणी आणि कधी काढायचे ही शिस्तही त्या रचनेचाच भाग. कसबा बावड्याजवळचा राजाराम बंधारा कोल्हापूरकराला दर पावसाळ्यात आठवतो तो ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका या पाणीपातळीच्या आकड्यांसाठी. नवोन्मेष म्हणून त्याच्याकडे कोण बघतंय!

पाणी आलं तसा ऊस वाढला आणि गुऱ्हाळं वाढली. लाकडी चरकाच्या जागी लोखंडी चरक आला, पाणी उपसायला ऑइल इंजिन आलं. ऐन हंगामात चरक अडला तर काहिलीखालचं (रस आटवायच्या कढईखालचं) चुलवाण थांबतं आणि तोडलेला ऊस वाळायला लागतो. मुंबईहून भाग मागवून वाट बघत बसणं परवडणारं नव्हतं. तेव्हा मोडका भाग गावातल्या मेस्त्रीकडे जायचा.

मेस्त्रीचं कसब इथं कळतं. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना साधारण शंभरात एक भाग आकसतं. चरकाच्या चाकाचा झिजलेला दाता तसाच वाळूत दाबून साचा केला, तर निघणारा भाग झिजेपुरता आधीच लहान, वर आकसल्यामुळे आणखी लहान. म्हणून वाळूत दाबायचा लाकडी नमुना, म्हणजे पॅटर्न, मुद्दाम मोठा ठेवायचा, आणि घासून काढायच्या पृष्ठभागाला आणखी थोडा माल. किती, ते हाताला माहीत असतं. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार ही नावं उद्यमनगरात आजही घेतली जातात ती याच परंपरेतली. बाबूराव पेंटरांनी दामल्यांना सोबत घेऊन सिनेमाचा कॅमेरा इथंच घडवला, तोही याच मातीतला प्रकार. दुरुस्तीतून नक्कल, नकलेतून सुधारणा आणि मग स्वतःचं इंजिन, अशी ही चढण. आज शिरोली, गोकुळ शिरगावच्या वसाहतींतून वाहन उद्योगासाठी कास्टिंग (ओतीव भाग) जातात.

नवं बाहेरून आणूनही पाहिलं गेलं. १९९८ मध्ये वारणा परिसरातली गावं संगणकानं जोडायचा प्रयोग झाला. तो वारणेतच झाला, कारण तात्यासाहेब कोऱ्यांनी उभं केलेलं साखर-दुधाचं सहकारी जाळं तिथं आधीपासून होतं.

ऑस्लो मॅन्युअलच्या २००५ च्या आवृत्तीत विकसनशील देशांसाठी वेगळी पुरवणी जोडली गेली, कामाच्या पद्धतीतले बदलही मोजणीत आले. तरी ‘संशोधन व विकासावरील खर्च’ हा रकाना आहेच. नव्या भागाचे पहिले काही नग हमखास फसतात : कुठं पोकळी राहते, कुठं वाळू चिकटते. मग गेटिंग, म्हणजे वितळलेला धातू साच्यात शिरायच्या वाटा, बदलायचं, पुन्हा ओतायचं. फसलेले नग फोडून भट्टीत परत जातात, आणि त्या साऱ्या खटाटोपाचा खर्च वहीत एकाच शब्दाखाली पडतो : ‘रिजेक्शन’.