अमेरिकेतला ‘अपक्ष मतदार’ खरंच पक्ष न बघता मत देतो?

फॉरवर्ड असा फिरतो: ‘अमेरिकेत चाळीस टक्के मतदार कुठल्याच पक्षाचे नाहीत, ते फक्त उमेदवार बघतात आणि सिनेटचा (तिथल्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहाचा) निकाल तेच ठरवतात.’

आकडा खोटा नाही, म्हणूनच तो पटतो. सर्वेक्षणात साधारण तेवढे लोक स्वतःला ‘इंडिपेन्डन्ट’ म्हणवतात. पण त्यानंतर आणखी एक प्रश्न विचारला जातो: कल कुठल्या पक्षाकडे? तिथे बहुतेक जण एका पक्षाचं नाव घेतात, आणि मतदानही बरंचसं त्या पक्षाच्या समर्थकांसारखंच करतात. खरोखर कुठेच न झुकणारे उरतात दहा टक्क्यांच्या आसपास. आपल्याकडेही ‘मी कुठल्या पक्षाचा नाही’ म्हणणारे काका दरवेळी एकच बटण दाबतात, तसंच काहीसं.

पडताळणी घरबसल्या होते. अध्यक्षपदाची आणि सिनेटची निवडणूक एकाच दिवशी असेल, त्या वर्षाचे राज्यवार निकाल शेजारी ठेवा. २०१६ मध्ये सिनेटच्या ३४ जागांसाठी मतदान झालं. प्रत्येक राज्यात अध्यक्षपदासाठी जो पक्ष पुढे, त्याचाच सिनेटर निवडून आला. २०२० मध्ये अपवाद एकच, मेन हे राज्य. १९८० च्या दशकात मात्र असे उलटसुलट निकाल सर्रास लागत, त्यामुळे ही समजूत तेव्हाच्या काळात अगदीच निराधार नव्हती.

मग उमेदवाराला किंमत नाही? आहे. लढत एक-दोन टक्क्यांवर आली की ते थोडे मतदार पारडं फिरवू शकतात. फक्त ते चाळीस टक्के नाहीत.