कवळी रात्री काढून ठेवण्याच्या सल्ल्यामागचा इतिहास

झोपण्यापूर्वी कवळी काढावी, घासून स्वच्छ करावी आणि सकाळपर्यंत पाण्यात ठेवावी, असे दंतवैद्य नवी कवळी बसवताना सांगतात. या सल्ल्याची मुळे दोनशे वर्षांहून मागे जातात, आणि त्यातला बराचसा काळ तोंडाच्या विकारांचा दोष कवळी वापरण्याच्या सवयीऐवजी ती ज्या पदार्थाची घडवली त्या पदार्थाला देण्यात गेला.

अठराव्या शतकातील युरोप-अमेरिकेत कवळ्या मुख्यतः पाणघोड्याच्या किंवा हत्तीच्या दातातून कोरत. हा प्राणिज पदार्थ तोंडातील ओलाव्याने डागाळे, झिजे आणि दुर्गंधी सुटे. अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांचे दंतवैद्य जॉन ग्रीनवुड यांनी २८ डिसेंबर १७९८ रोजी त्यांना लिहिलेले पत्र या दृष्टीने मुळातून वाचण्यासारखे आहे. दुरुस्तीला आलेली कवळी काळी पडल्याचे सांगून ग्रीनवुड त्याचे कारण पोर्ट वाइनमध्ये शोधतात, आणि जेवणानंतर ती काढून स्वच्छ पाण्यात ठेवावी व दुसरी घालावी, नाहीतर बारीक खरवडलेल्या खडूने ब्रशने घासावी, असे सुचवतात. पाण्यात ठेवण्याचा सल्ला इथे आहे, पण काळजी आहे ती कवळीची. तिच्याखाली झाकल्या जाणाऱ्या हिरडीचा विचार अजून दूर होता. पॅरिसजवळचे औषधविक्रेते द्युशातो आणि दंतवैद्य निकोला दुबुआ द शेमाँ यांनी त्याच शतकाच्या उत्तरार्धात चिनी मातीच्या कवळ्यांचा ध्यास घेतला तोही डाग आणि वास टाळण्यासाठीच.

खरा पालट कठीण रबराने घडवला. रबर गंधकासह तापवून टिकाऊ करण्याच्या चार्ल्स गुडइयर यांच्या प्रक्रियेतून पुढे आलेल्या या पदार्थाच्या कवळ्यांचे अमेरिकी पेटंट १८६४ मध्ये जॉन कमिंग्ज यांना मिळाले. ते १८८१ मध्ये संपेपर्यंत दंतवैद्यांना परवान्याचे पैसे भरावे लागत. रबर स्वस्त होते आणि साच्यात घालून टाळूला तंतोतंत बसवता येई, त्यामुळे सामान्य माणसाच्या तोंडातही कवळी आली. पण त्याबरोबर टाळू दिवसरात्र झाकला जाऊ लागला आणि कवळीखालचा भाग लालभडक होण्याच्या तक्रारी वाढल्या. रबराला हिरडीसारखा रंग देण्यासाठी पाऱ्याचे संयुग असलेला हिंगूळ मिसळत, म्हणून संशय आधी त्याच्यावर गेला. रबर उष्णता धरून ठेवते म्हणून दाह होतो, असेही मत होते.

१९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात ॲक्रिलिक हे प्लास्टिक आले आणि काही वर्षांतच त्याने रबराची जागा घेतली. हिंगूळ गेला, लाली मात्र राहिली. तेव्हा ॲक्रिलिकची ॲलर्जी हे नवे कारण पुढे आले. काही रुग्णांत ती खरोखर असते, पण बहुतेकांच्या बाबतीत उत्तर वेगळे निघाले. कँडिडा या बुरशीकडे लक्ष वेधले गेले आणि १९६२ मध्ये दंतसंशोधक न्यूटन यांनी या विकाराचे तीन प्रकार मांडले: टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके, कवळीने झाकलेल्या सगळ्या भागाची सलग लाली, आणि टाळूच्या मध्यभागी दाणेदार वाढ. दुखत नसल्यामुळे रुग्णाला याचा अनेकदा पत्ताही नसतो. कवळीच्या टाळूकडील, पॉलिश न केलेल्या पृष्ठभागाच्या सूक्ष्म खाचांत जंतू आणि बुरशीचा थर साचतो; तिथे लाळेचा प्रवाह पोहोचत नाही, आणि झोपेत तर लाळ मुळातच कमी होते. म्हणूनच केवळ टाळूला औषध लावून भागत नाही. कवळीवरचा थर तसाच राहिला तर दाह परत येतो.

या प्रश्नाचा आवाका तोंडापलीकडे नेला तो टोकियोतील ८५ वर्षे व त्यावरील ५२४ व्यक्तींच्या अभ्यासाने. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत कवळी घालून झोपणाऱ्यांना न्यूमोनियाचा धोका सुमारे २.३ पट आढळला. झोपेत तोंडातील स्राव नकळत श्वासमार्गात उतरतो आणि त्याबरोबर जंतूही जातात, हे त्याचे संभाव्य स्पष्टीकरण. निरीक्षणावर आधारलेल्या अशा अभ्यासातून कार्यकारणभाव पूर्णपणे सिद्ध होत नाही, तरी अशक्त वृद्धांच्या बाबतीत ही बाब गंभीरपणे घ्यायलाच हवी, असे माझे स्पष्ट मत आहे.

काळजीच्या रीतीही याच काळात निश्चित झाल्या. अमेरिकी प्रोस्थोडॉन्टिक्स (कृत्रिम दात बसवण्याचे शास्त्र) तज्ज्ञांच्या २०११ मधील मार्गदर्शनानुसार कवळी उकळत्या पाण्यात घालू नये, कारण तिचा आकार बिघडतो. सोडियम हायपोक्लोराइट या जंतुनाशक ब्लीचच्या द्रावणात ती १० मिनिटांहून अधिक ठेवू नये. रोजच्या टूथपेस्टमधील खरखरीत कणांनी ॲक्रिलिकवर ओरखडे पडतात आणि त्यांत बुरशीला आणखी आसरा मिळतो. सफाईच्या गोळ्या केवळ बाहेर काढलेल्या कवळीसाठी असतात आणि त्यांचे द्रावण तोंडात घ्यायचे नसते. कवळी कोरडी राहिल्यास तिचा आकार बदलू शकतो, म्हणून रात्रभर पाणी लागते, आणि ते पाणी रोज बदलावे लागते.

दातांशिवायचा चेहरा जोडीदारालाही दिसू नये म्हणून अनेक जण कवळी काढत नाहीत. तो संकोच समजण्यासारखा आहे, आणि अशा रुग्णाला दंतवैद्याने निदान दिवसा काही तास हिरड्यांना विसावा द्यायला सांगावे. अंथरुणाला खिळलेल्या आजी-आजोबांच्या बाबतीत मात्र कवळी काढणे, घासणे आणि तोंड पुसून घेणे हे काम शुश्रूषा करणाऱ्यालाच करावे लागते, आणि ते त्याला प्रत्यक्ष करून दाखवणे हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे.