पॉइंट-कंडेन्सर : जुन्या गाडीसाठी बदली निवड

सीबी पॉइंट (इग्निशन कॉईलचा प्रवाह जोडणारे-तोडणारे संपर्क) असलेल्या पेट्रोल इंजिनात पॉइंटला समांतर जोडलेली लहान धातूची डबी म्हणजे कंडेन्सर. ॲम्बॅसॅडर, पद्मिनी या मोटारींत तो डेल्कोवर, म्हणजे डिस्ट्रिब्युटरवर असतो. जुन्या चेतक, लॅम्ब्रेटा स्कूटरमध्ये मॅग्नेट प्लेटवर (मॅग्नेटोच्या कॉईल बसवलेली ताटली), फ्लायव्हीलच्या आड. पॉइंट उघडताच कॉईलच्या प्रायमरीतील (पहिल्या वेटोळ्यातील) प्रवाह थांबायला तयार नसतो आणि फटीतून उडी मारू पाहतो. कंडेन्सर तो प्रवाह स्वतःकडे घेतो. त्यामुळे पॉइंट जळत नाहीत आणि कॉईलमधील चुंबकीय क्षेत्र झपाट्याने कोसळून प्लगला हजारो व्होल्ट मिळतात. तो केवळ पॉइंट वाचवतो ही समजूत म्हणूनच अपुरी. कंडेन्सर गेला की करंटच, म्हणजे प्लगची ठिणगीच कमजोर पडते.

सोलापुरात या भागाची खरी परीक्षा उन्हाळ्यात होते. पारा ४० अंशांपुढे गेलेला, त्यात इंजिनाची धग. सकाळी एका किकमध्ये चालू होणारी स्कूटर पंढरपूरला निघाली की मोहोळच्या आसपास मिसिंग करू लागते, बंद पडते आणि सावलीत थंड झाल्यावर पुन्हा चालते. मॅग्नेटची कॉईल गेली तरी लक्षण हेच, त्यामुळे सगळा दोष कंडेन्सरवर टाकणे घाईचे ठरते. पॉइंट काढून पाहावेत. एका टोकाला खड्डा आणि दुसऱ्यावर उंचवटा वाढला असेल तर कंडेन्सरची क्षमता कॉईलशी जुळत नसण्याची शक्यता मोठी.

बहुतेक मोटारी-स्कूटरना साधारण ०.२ ते ०.३ मायक्रोफॅरड क्षमता लागते; नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमधून घ्यावा. कधी कधी पंख्याचा कंडेन्सर जोडून वेळ मारून नेली जाते. तो २.५ मायक्रोफॅरडचा, म्हणजे सुमारे दहापट मोठा. त्याने प्रायमरीचा विद्युतदाब (व्होल्टेज) चढत नाही आणि ठिणगी मरगळते. पॉइंट उघडताना प्रायमरीत २०० ते ४०० व्होल्ट उसळतात, म्हणून ६०० व्होल्टच्या आसपासचा भाग घेणे शहाणपणाचे.

दुकानदार ‘जुना ओरिजिनल माल’ म्हणून न वापरलेला कंडेन्सर कौतुकाने दाखवतो. आतील थर कागदाचे असतील तर डबीचे सील सैल होऊन वर्षानुवर्षे दमट हवा आत मुरते, आणि भाग नवा असूनही गळका (वीज झिरपू देणारा) निघतो. त्यापेक्षा प्लास्टिक फिल्मचा, उष्णता सोसणारा आजचा भाग बरा. जुना कंडेन्सर नीट चालत असेल तर पॉइंटबरोबर सवयीने तोही बदलण्याचे कारण नाही. तपासणीत मात्र मल्टिमीटर फसवतो: तो क्षमता सांगतो, पण थोड्याच व्होल्टवर मोजत असल्याने दाबाखालची गळती त्याला दिसत नाही. ती मेगरवर (जास्त व्होल्टवर इन्सुलेशन तपासणारे यंत्र) कळते, आणि यंत्रमागांच्या या गावात मोटार रिवाइंडिंगच्या दुकानांत मेगर सहसा असतो. भाग आधी गरम करून तपासणे उत्तम. दाब त्याला सोसणारा असावा आणि तपासल्यावर तो डिस्चार्ज करावा, नाहीतर चांगलाच झटका बसतो.

मॅग्नेट प्लेटवरील कंडेन्सर सोल्डर केलेला असल्याने प्रत्येक वेळी फ्लायव्हील उतरवावे लागते. म्हणून काही मेकॅनिक नवा कंडेन्सर बाहेर, इग्निशन कॉईलजवळ बसवतात. तिथे धग कमी लागते. वायर आखूड आणि अर्थ स्वच्छ घासलेल्या पत्र्यावर घेतला तर ही सोय आतल्यापेक्षा जास्त टिकते.