कुत्र्यांचा पार्व्हो आणि मांजरांचा पार्व्हो: प्रथिनं तीच, मग फरक कुठे?

कुत्र्याला होतो तो पार्व्हो आणि मांजराला होतो तोही पार्व्होच, असं सर्रास म्हटलं जातं. घरात दोन्ही प्राणी असले की लगेच पुढचा प्रश्न येतो, एकाचा दुसऱ्याला लागतो का? त्याचं उत्तर विषाणूच्या एकाच प्रथिनात, आणि त्यातल्याही मोजक्या जागांमध्ये आहे.

मांजरांचा विषाणू जुना. पॅनल्युकोपेनिया, म्हणजे मांजरांचा हाच रोग, विषाणूमुळे होतो हे १९२० च्या दशकातच कळलं होतं. कुत्र्यांचा मात्र १९७८ मध्ये एकदम समोर आला आणि बघता बघता जगभर पसरला. तो मांजरांच्या विषाणूपासून, किंवा त्याच्या अगदी जवळच्या एखाद्या भावंडापासून निघाला, असं मानलं जातं.

आधी साम्य. दोघांकडेही एकपदरी डीएनए, लांबी जेमतेम ५,००० अक्षरांची. एवढ्याशा मजकुरात मावतात ती प्रथिनंही दोघांची सारखीच: कामकाज चालवणारी एनएस१ आणि एनएस२, कवचाची व्हीपी१ आणि व्हीपी२. एनएस१ डीएनएला चीर देतं, त्याचे पदर उलगडतं. पण डीएनएची नक्कल करणारं स्वतःचं एन्झाइम दोन्ही विषाणूंकडे नाही. ते यजमान पेशीकडूनच घ्यावं लागतं, आणि तेही पेशी विभाजनाच्या तयारीत असतानाच मिळतं. म्हणून दोन्ही रोग भराभर विभागणाऱ्या पेशींवर, म्हणजे आतड्याच्या अस्तरावर आणि अस्थिमज्जेवर तुटून पडतात.

व्हीपी१ आणि व्हीपी२ ही नावं वाचून बऱ्याच जणांना ती दोन निराळी प्रथिनं वाटतात. तसं नाही. व्हीपी२ मध्ये ५८४ अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतले ओळीने जोडलेले मणी, असतात. व्हीपी१ मध्ये तीच सगळी, शिवाय सुरुवातीला आणखी १४३. या जादा तुकड्यात फॉस्फोलायपेज नावाचं एन्झाइम दडलेलं असतं. पेशीने विषाणूला गिळल्यावर ज्या पटलाच्या पिशवीत तो अडकतो, तिच्यातून सुटायला ते कामी येतं. कवच एकूण ६० प्रतींचं, त्यातल्या बहुतेक व्हीपी२ च्या. इथपर्यंत कुत्र्याचा कुठला नि मांजराचा कुठला, हे ओळखायला काहीच आधार नाही.

फरक सुरू होतो तो व्हीपी२ च्या पृष्ठभागावर. मांजरांचा मूळ विषाणू आणि १९७८ चा कुत्र्यांचा विषाणू यांच्या व्हीपी२ मध्ये फरकाच्या ठरलेल्या जागा सहाच्या आसपास आहेत. ९८ टक्क्यांहून जास्त सारखेपणा आहे असं म्हटलं की प्रकरण मिटल्यासारखं वाटतं, पण अशा टक्केवारीवर माझा फारसा भरवसा नाही. उरलेला एक-दोन टक्का कुठे बसलाय, ते बघायला हवं. ९३ व्या जागी मांजराच्या विषाणूत लायसीन असतं, कुत्र्याच्या विषाणूत अ‍ॅस्पॅराजीन. ३२३ व्या जागी अ‍ॅस्पार्टिक आम्ल असतं, कुत्र्याच्या विषाणूत तिथेही अ‍ॅस्पॅराजीन. हे दोन बदल जोडीने झाले की विषाणूला कुत्र्याच्या पेशी पकडता येतात.

पकड बसते ती ट्रान्सफेरिन रिसेप्टरवर, म्हणजे पेशी ज्यातून लोह आत घेते त्या रेणूवर. कुत्र्याच्या या रिसेप्टरवर साखरेची एक जास्तीची साखळी असते आणि ती मांजरांच्या विषाणूच्या आड येते. किल्ली-कुलपाच्या नेहमीच्या उपमेत सांगायचं तर किल्ली ठीक आहे, कुलपाच्या भोकावर खडा चिकटवलाय. कुत्र्यांचा विषाणू कवचाच्या बदललेल्या आकारामुळे ही अडचण चुकवतो.

गंमत अशी की कुत्रा साधताना मांजर सुटलं. १९७८ चा मूळ प्रकार मांजरांमध्ये वाढतच नव्हता. पण दोन-तीन वर्षांत २ए नावाचा प्रकार आला आणि त्याने मूळ प्रकाराची जागा घेतली. त्याच्या व्हीपी२ मध्ये ८७, ३०० आणि ३०५ या जागा बदलल्या होत्या, आणि तो मांजरांनाही होऊ लागला. पुढे आलेले २बी आणि २सी हे प्रकार मुख्यतः ४२६ व्या जागेवरून ओळखतात. २ए मध्ये तिथे अ‍ॅस्पॅराजीन, २बी मध्ये अ‍ॅस्पार्टिक आम्ल, २सी मध्ये ग्लुटामिक आम्ल. नावं तीन, पण ४२६ पुरता फरक एकाच अमिनो आम्लाचा, तेव्हा नावांचा बाऊ करू नये.

तेव्हा घरातल्या प्रश्नाचं उत्तर एकतर्फी आहे. आजचे कुत्र्यांचे प्रकार मांजराला होऊ शकतात. मांजरांचा विषाणू कुत्र्याच्या शरीरात शिरला तरी तो आतड्यात वाढत नाही आणि विष्ठेतून बाहेर पडत नाही, त्यामुळे पुढे पसरत नाही.

प्रतिकारशक्तीला मात्र दोन्ही कवचं बहुतांशी एकच वाटतात. म्हणूनच १९७८ च्या साथीत कुत्र्यांची लस तयार होईपर्यंत मांजरांची लस कुत्र्यांना टोचली गेली, आणि तिचा उपयोगही झाला. दवाखान्यातल्या झटपट चाचणीचंही तसंच. कुत्र्यांसाठी बनवलेली पट्टी मांजराच्या विष्ठेतला विषाणूही पकडते, पण तो कुठला ते तिला सांगता येत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत व्हीपी२ च्या जनुकाचा क्रम वाचावा लागतो. जुनी एक युक्तीही आहे: मांजरांचा विषाणू तांबड्या पेशींच्या गुठळ्या करतो तो फक्त किंचित आम्लधर्मी द्रावणात, कुत्र्यांचा मात्र उदासीन द्रावणातही करतो.