माळवद: किल्लारीच्या आधीची गोष्ट

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारी-सास्तूर पट्टा हादरला. गणपती विसर्जन आटोपून माणसं गाढ झोपली होती. धक्का सहा रिश्टरच्या थोडा वरचा; मेलेल्यांचा आकडा मात्र दहा हजारांच्या आसपास गेला. तेव्हापासून ‘दगडमातीचं घर’ हा शब्द लोक धास्तीनेच उच्चारू लागले. पण शेकडो वर्षं त्याच घरांत सुखाने राहणारी माणसं काही अडाणी नव्हती.

मराठवाड्यातल्या गावाच्या जमिनीला दोन नावं: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे वस्ती. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्यामुळे भिंतीला ती कुचकामी. दगडाला मात्र तोटा नाही, नांगर धरला की काळा पाषाण वर येतोच. तेव्हा भिंती दगडाच्या आणि सांधायला माती. दोन-अडीच फूट जाडीच्या त्या भिंतींत कोनाडे आणि दिवळ्या सहज बसत.

वर माळवद. खानदेश-विदर्भाकडे त्यालाच धाबं म्हणतात. खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर किलचन म्हणजे लाकडाच्या चिरफळ्या, त्यावर पाला आणि मग चोपून बसवलेली माती. दोन तुळयांमधली जागा म्हणजे खण. घर केवढं ते सांगताना खणच मोजायचे. वरची माती आणायची ती पांढरीची, जमलं तर पडक्या गढीची. पिढ्यान् पिढ्यांच्या राखेने आणि चुनखडीने ती अशी चिवट झालेली असे की पाणी सहजी खाली उतरत नसे. छताला एक सवणं ठेवायचं, उजेडासाठी आणि चुलीच्या धुरासाठी. वैशाखात खाली माठातल्यासारखा गारवा, वर रात्री अंथरुणं आणि दिवसा वाळवणं. पाऊस सातशे-आठशे मिलिमीटर, म्हणून छप्पर सपाट असलं तरी पन्हाळीतून पाणी निघून जाई. कोकणात हे घर पहिल्याच श्रावणात बसलं असतं. तिथे पाऊस याच्या तिप्पट-चौपट, पायाखाली जांभा, म्हणून भिंत चिऱ्याची किंवा कारवीच्या कुडाची आणि छप्पर उतरतं. आधी गवत, मग नळीची कौलं आणि 1860 च्या दशकात बासेल मिशनने मंगळूरला कारखाना काढल्यावर हळूहळू मंगलोरी.

माळवदाची खोड एकच: ते गळतं. त्यावर उपाय म्हणजे मृगाच्या आधी वर चढायचं आणि नव्या मातीच्या चार पाट्या पसरायच्या. आजोबांनी टाकली, बापाने टाकली, पोरानेही टाकली. जुनी काढायचं कुणाच्या मनात आलं नाही. फूटभर माती म्हणजे चौरस मीटरला अर्ध्या टनाच्या घरात ओझं, आणि कित्येक माळवदं फुटाच्या पुढे गेली होती.

तरीही, माझ्या मते, खरा घात भिंतीने केला. बाहेरून ती एकसंध दिसे, पण आत दोन पडद्या होत्या, एक बाहेरची, एक आतली, आणि मधे खडीमातीची भर. दोन्ही पडद्यांना आरपार बांधणारा लांब दगड, ज्याला गवंडी हेडर म्हणतो, बहुतेक ठिकाणी घातलेलाच नव्हता. जमीन हलली तशा पडद्या फुगून एकमेकींपासून सुटल्या. जिथे माळवद लाकडी खांबांवर होतं तिथे पुष्कळदा सांगाडा उभा राहिला आणि नुसते दगड कोसळले. जिथे तुळया थेट भिंतीत रोवलेल्या होत्या तिथे दगडामागोमाग माळवदही खाली आलं.

काश्मीरातही दगडमातीच्या भिंती आहेत. पण तिथली ‘ताक’ पद्धतीची भिंत उचलताना दर काही फुटांवर आडवं लाकूड घालून ती बांधून टाकतात. ‘धज्जी देवारी’त तर लाकडी चौकटीच्या खणांत दगड-विटा भरतात. तिथे जमीन दर दोन-तीन पिढ्यांना हलते, त्यामुळे गवंड्याला आजोबाने सांगितलेलं असतं. लातूरच्या गवंड्याला पाऊस, ऊन आणि चोर ठाऊक होते. आणि त्याला तरी काय बोल लावायचा? सरकारी नकाशातही हा भाग भूकंपाचा सर्वांत कमी धोका असलेल्या पट्ट्यात, झोन 1 मध्ये होता. ऑक्टोबर 1992 मध्ये किल्लारीला धक्के बसले होते, तरी नकाशा बदलला तो 2002 मध्ये.

भूकंपानंतर 52 गावं नव्या जागी वसवली गेली. काँक्रीटच्या खोल्या आल्या, सरळ रस्ते आले, पण गुरं बांधायची कुठे हे कुणी विचारलं नव्हतं. बाकीच्या गावांत उभ्या घरांच्या मजबुतीचं काम निघालं. भिंतीला भोकं पाडून त्यांत सळई आणि काँक्रीट भरून हेडर घालायचे, वरून पट्टा फिरवायचा, आणि माळवदावर चढून, तीन-चार पिढ्यांनी पाट्या भरभरून वर नेलेली माती खाली उतरवायची.